नानांनी लांबवलेली तारीख

माझे वडील गंगाधर गमरे गेल्या जूनमध्ये गेले. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत. मी आणि माझा भाऊ राजरत्नही तेच म्हणायचो.

महापालिकेच्या पाणीखात्यात ते चावीवाले होते. पहाटे उठायचे, लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायचे आणि रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवत जायचे. मग आसपासच्या चाळींच्या नळांना पाणी यायचं. गावी सख्ख्या भावाचं लग्न होतं तेव्हाही दोन दिवसांत परत आले. "लोकं बादल्या लावून बसलेली असतात गं," म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चाळीमागच्या बुद्धविहारात अभ्यासिका सुरू केली. चाळीत दहा बाय बाराच्या एकेका खोलीत सात माणसं, त्यात टीव्ही चालू. पोरांनी अभ्यास करायचा कुठे? नाना स्वतः सातवी पास. कुणी हसलं तर म्हणायचे, "मला शिकवता येत नाही, पण बसवता येतं." रोज संध्याकाळी सतरंज्या अंथरून दाराशी खुर्चीवर बसायचे. आमच्या मजल्यावरचा दीपक दहावीत नापास झाला आणि यायचाच बंद झाला. नाना चार दिवस त्याच्या दारासमोर गॅलरीत जाऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दीपकच दप्तर घेऊन बाहेर आला. आज तो शीवच्या एका शाळेत गणित शिकवतो.

सहा वर्षांपूर्वी आई विसरायला लागली. आधी गॅस बंद करायला, मग रस्ता, मग माझं नाव. तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी लग्न होऊन वडाळ्याला, राजरत्न नोकरीसाठी बंगळूरला. नानांनी कुणाला काही मागितलं नाही. आईला आंघोळ घालायला शिकले, भात मऊ करायला शिकले. वेणी घालणं मात्र जमेना, तेव्हा माझ्या मुलीला समोर बसवून तिच्या केसांवर शिकले. संध्याकाळी आईला अभ्यासिकेत घेऊन जायचे. ती पोरांच्या रांगेत बसून वहीत रेघा ओढायची आणि नाना अधूनमधून म्हणायचे, "छान, कौसल्या."

मी रोज दुपारी ऑफिसातून फोन करायचे. आई जेवली का? गोळी घेतली का? काल झोप लागली का? नाना सगळं नीट सांगायचे आणि मी फोन ठेवायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी घरी गेले होते. आईच्या औषधाची चिठ्ठी शोधताना तिच्या फायलीत नानांच्या नावाचे रिपोर्ट सापडले. आतड्यात गाठ. ऑपरेशनची तारीख एकोणीस जानेवारी. ती उलटून महिना झाला होता.

नाना खाटेवर बसून आईची वेणी घालत होते.

"नाना, हे काय आहे?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "पुढची तारीख घेतलीय. एप्रिलची."

"का पण?"

"पोरांची दहावीची परीक्षा आहे. आणि हिला कोण बघणार? तुझ्या पोरीला सुट्टी लागली की तुला जमेल, असा विचार केला."

"मला सांगायचं तरी!"

वेणीला रबर लावत ते म्हणाले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. जे होतं तेच त्यांनी सांगितलं. मला तिथे उभं राहवेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना इस्पितळात नेलं. आठवड्याभरात ऑपरेशन झालं, पण आजार यकृतापर्यंत पोचला होता. जानेवारीत केलं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आता सांगता येत नाही." मला स्पष्ट हो किंवा नाही हवं होतं.

नानांनी उरलेले दिवस मला आई शिकवण्यात घालवले. गोळी केळ्यात घालून दे, नाहीतर थुंकते. डोक्यावर एकदम पाणी ओतू नकोस, घाबरते. मी लिहून घ्यायचे. एकदा मधेच थांबले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बाकी सगळं तू करशील गं. पण ती मला शोधेल." त्यांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

ते गेले त्या सकाळी गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. अभ्यासिकेतली जुनी पोरं कुठून कुठून आली होती; काही जण आता स्वतः बाप झालेले. पांढऱ्या कपड्यांत नाना फारच लहान दिसत होते. त्रिशरण पंचशील सुरू व्हायच्या आधी आम्ही आईला जवळ आणलं. तिने बराच वेळ पाहिलं, मग वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "अहो, उठा ना. पाणी सोडायचंय." राजरत्न तोपर्यंत सगळं धीराने करत होता. तो तिथेच खाली बसला.

मृत्यूनंतरचा जलदान विधी झाल्यावर आईला मी वडाळ्याला आणलं. अभ्यासिका दीपक चालवतो. शीवहून रोज यायला त्याला उशीर होतो, म्हणून आता ती सातला उघडते.

संध्याकाळ झाली की आई दाराकडे तोंड करून बसते. "हे कुठे गेले?" विचारते. पहिले काही दिवस मी खरं सांगायचे. प्रत्येक वेळी तिला ते पहिल्यांदाच कळायचं आणि ती तशीच कोसळायची. एका आठवड्यात चार वेळा तिने नवऱ्याचं मरण पाहिलं. त्यानंतर मी सांगणं सोडलं.

"येतायत," म्हणते मी. "तू जेवून घे."

ती मान डोलावते आणि ताट पुढे ओढते.