डॉक्टरांची तहान

गुरांचे डॉक्टर ओतूरहून मोटारसायकलवर यायचे. कुणाच्या घरचं चहापाणी घ्यायचे नाहीत, स्वतःची बाटली हँडलला लटकवलेली असायची. माणसांशी बोलणं मोजकंच, गाईंशी मात्र "काय गं बाई, जेवलीस का?" मला ते जरा शिष्टच वाटायचे.

लम्पीनं आमची गाय गेली, तेव्हा पंचनाम्याला तेच आले. सरकारी मदतीच्या कागदांना तिच्या कानातला बिल्ला कापून जोडायचा होता. पिशवीतून कात्री काढत, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "भाऊ, घरातनं पाणी आणा बरं. लई तहान लागलीय."

मी तांब्या घेऊन आलो, तोवर बिल्ला लिफाफ्यात गेला होता आणि गाईच्या कानावर त्यांचा रुमाल होता. हँडलची बाटली गच्च भरलेली होती. तरी त्यांनी उभ्याउभ्या अख्खा तांब्या संपवला.