बर्गस्ट्रोम कुठल्या गावचे

आमच्यात माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात. एकदा ते कळलं की बाकीचं विचारावं लागत नाही. गाव कुठलं, खाडीच्या अल्याडचं की पल्याडचं, आणि आपल्या मावशीच्या सासरचं त्यांच्याशी काही लागतं का, सगळं त्यातच आलं. रत्नागिरीकडच्या आम्हा मुसलमानांची आडनावं बहुतेक गावावरून पडलेली, शेवटी 'कर' लावलेली. परक्या मुलखात एका आडनावाची दोन माणसं भेटली तर ती भावकीच असणार, यात कुणाला शंका नसते. असलीच तर कुठल्या पिढीत वाटा फुटल्या एवढीच, आणि ते सांगायला एखादी म्हातारी सापडतेच. आता ती म्हातारी मीच झालेय म्हणा.

हे आधी सांगायचं कारण, बर्गस्ट्रोम मॅडमच्या बाबतीत जे झालं ते आमच्या या सवयीमुळे झालं.

साठ सालानंतरची गोष्ट. अमिरात वगैरे तेव्हा काही नव्हतं. दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन्ही काठांवर घरं, आणि मागं वाळू. मोठी जहाजं खाडीत शिरत नसत, बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत. माल बार्जवर, म्हणजे सपाट होड्यांवर, उतरवायचा आणि बार्ज ओढत आत आणायचे. बार्जवर आमचीच कोकणातली माणसं. आमचे हे धक्क्याच्या कामावर फोरमन होते. त्यांच्या वरचा इंजिनियर स्वीडनचा, आडनाव बर्गस्ट्रोम. सगळे त्याला नुसते साहेब म्हणत, आणि बायकोला मॅडम.

मॅडमचं घर आमच्या मागच्या गल्लीत. मुंबईत काही वर्षं राहून आलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायची. मूलबाळ नव्हतं. दुपारी साहेब कामावर गेला की माझ्या दारात येऊन उभी राहायची, उन्हानं लाल झालेली. मी म्हणायचे, "अंदर आओ ना, बाहर क्या तंदूर में खडी है." ती आत येऊन चटईवर बसायची आणि माझी भाकरी थापणं बघायची. दोघीही आपापल्या माणसांपासून लांब. अशा बायकांना बोलायला विषय लागत नाही.

ऑगस्ट महिना होता. साहेब फुजैऱ्याकडे गेला होता, तिकडच्या किनाऱ्याची मोजणी करायला. तेव्हा तिकडे रस्ता नव्हता, डोंगरातल्या कोरड्या ओढ्यातून गाडी न्यायची. माणूस गेला की परत येईल तेव्हा येईल. मध्ये निरोप पोचवायची सोय नाही.

अशात एका जहाजावरून आजारी खलाशी उतरवला. इंजिनरूममधला गोरा माणूस, पन्नाशीचा. आणणारे बार्ज चालवणारे सारंग आमच्या शेजारच्या गावचे, मी त्यांना चाचा म्हणायची. ते सांगत, सगळा वेळ त्यानं माझा हात धरून ठेवला होता, आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगत होता. मी आपला हो हो म्हणत होतो, दुसरं काय म्हणणार. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. जहाज थांबायला तयार नव्हतं, ते निघून गेलं. एजंटच्या कारकुनानं कागद वाचला, आडनाव बर्गस्ट्रोम, स्वीडन. म्हणाला, संध्याकाळच्या आत पुरा, हवा कशी आहे बघताय ना, खलास.

चाचांनी आडनाव ऐकलं मात्र, ते उठले. "हा तर आपल्या साहेबाचा भाऊबंद. भावकीला सांगितल्याशिवाय मय्यत कशी उचलायची?"

आमच्यात मय्यत थांबवत नाहीत, पण घरच्यांना कळवल्याशिवाय तिला हातही लावत नाहीत. चाचांनी मासळीवाल्यांकडून बर्फ आणवला, प्रेताभोवती रचला, आणि चार माणसं घेऊन ते माझ्या दारात आले. "तू चल गो. बाईमाणसाला बाईनं सांगावं."

मी निघाले. मय्यतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून रिवाजाप्रमाणे भाताचं पातेलं आणि वर वाडग्यात डाळ घेतली. आमचे हे कामावरून आले होते, तेही सोबत. मॅडमनं दार उघडलं. दारात आम्ही एवढी माणसं, पुरुषांच्या टोप्या डोक्यावर, कुणी बोलत नाही, आणि माझ्या हातात भात. मुंबईत शेजारी कुणी मेल्यावर असं जेवण नेताना तिनं बघितलं असावं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मेरा आदमी?" तिनं विचारलं.

"नाय, नाय," चाचा घाईनं म्हणाले. "साहेब ठीक. साहेब का भाई गुजर गया."

ती चौकटीला धरून खाली बसली. मी पातेलं ठेवून पाठीवर हात फिरवत राहिले. मग ती म्हणाली, "साहेब का भाई नहीं है. एक बहन है, बस."

"चुलत असेल," चाचा म्हणाले. "नाम बर्गस्ट्रोम. मुलुक स्वीडन."

"हमारा कोई नहीं," ती म्हणाली. "मैं नहीं पहचानती."

चाचा बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. तिथून आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गोऱ्यांचं असंच. जितेपणी भेट नाय, मेल्यावर ओळख नाय."

"चाचा, हळू," आमचे हे म्हणाले. "तिला मुंबईत राहून थोडं मराठी कळतं."

"कळू दे की. मी काय पाठीमागं बोलतोय? तिच्याच ओट्यावर उभा राहून बोलतोय."

मला मॅडमचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी विचारलं, "मॅडम, नाम एक, मुलुक एक, फिर गाव एक नहीं? बर्गस्ट्रोम नावाचं तुमचं गाव आहे कुठं?"

त्यावर तिनं मला जे सांगितलं ते तिच्या तुटक्या हिंदीतून कळायला वेळ लागला. पण कळलं ते आजपर्यंत विसरले नाही.

म्हणाली, या नावाचं आमचं गाव नाही. बर्ग म्हणजे डोंगर, स्ट्रोम म्हणजे वाहता ओहोळ. पूर्वी आमच्याकडे साध्या माणसांना आडनाव नव्हतंच. बापाचं नाव घ्यायचं आणि पुढे मुलगा म्हणायचं. मुलगी असेल तर मुलगी. दर पिढीला नाव बदलायचं. मी म्हटलं, हे तर अरबांसारखं, बिन आणि बिंत. इथं ऑफिसात माझ्या कागदावरून गाव उडवून बापाचं आणि आज्याचं नावच घातलं होतं, ते मला आठवलं. ती म्हणाली, हां, वैसाच. पण नावं तरी किती असणार? साहेबाचा आजा लाकूड कापायच्या कारखान्यात होता, तिथं एकाच नावाचे इतके जण झाले की हाक मारली की निम्मा कारखाना वळून बघायचा. मग लोकांनी नवी नावं घेतली. कुणी झाडाचं, कुणी पानाचं, कुणी बेटाचं, दोन शब्द जोडून. साहेबाच्या आज्यानं डोंगर आणि ओहोळ घेतला.

"त्याच्या घराजवळ डोंगर होता?"

"नहीं. सपाट जमीन." ती डोळे पुसत म्हणाली, "उसको अच्छा लगा, बस."

आणि तेच शब्द दुसऱ्या कुणाला दुसरीकडे आवडले, तिसऱ्याला तिसरीकडे. कुणी कुणाला विचारलं नाही. आता म्हणे त्या मुलखात कुठल्याही शहरात जा, चार-दोन दारांवर बर्गस्ट्रोम लिहिलेलं असतं, आणि या दाराचा त्या दाराशी काही संबंध नसतो.

आमचं आडनाव म्हणजे कुणीतरी कधीतरी त्या मातीत राहिला, मेला, त्याची खूण. हे नुसतं आवडलं म्हणून घेतलेलं. अशा नावानं माणूस मेला तर त्याला हुडकायचं कुठं, रडायला बोलवायचं कुणाला?

मी ओट्यावर जाऊन चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खरं वाटलं की नाही देव जाणे. एवढंच म्हणाले, "मग त्याला कोण आहे?"

"कुणी नाही."

"तर मग कागदावर तसंच लिहायचं होतं, दुसऱ्याचं आडनाव कशाला लावायचं," असं काहीतरी पुटपुटत ते पायऱ्या उतरले. बर्फ वितळत होता. थांबायला वेळ नव्हता.

मॅडम आतून बाहेर आली. डोक्याला रुमाल बांधला होता, बंद बूट घातले होते. "कोई नहीं, तो मैं आती हूँ," म्हणाली. "एक ही भाषा तो है."

गोऱ्यांना पुरायची जागा गावाबाहेर होती, वाळूत दगडांचं बुटकं कुंपण घातलेली. आमच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी कुंपणापाशी उभी राहिले. लाँचा बांधणाऱ्या सुतारानं पेटी केली होती. खांदा चाचांनी आणि त्यांच्या माणसांनी दिला. आमचे हेही त्यात होते. पाद्री कुणी मिळाला नाही. मॅडम खड्ड्याच्या काठाशी उभी राहून लहानपणी पाठ केलेलं काहीतरी म्हणत होती. मध्येच अडली, पुढचं आठवेना, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. गरम वारा सुटला होता, तिचे शब्द कुंपणापर्यंत येत नव्हते. मग तिनं ओंजळीनं वाळू घातली. चाचा कडेला हात बांधून उभे होते. त्यांनी वाट बघितली, तिची वाळू पडल्यावरच आपल्या माणसांना खूण केली. घरच्या माणसाचा मान असतो पहिल्या मुठीचा. तो त्यांनी तिला दिला.

सुतारानं सागवानी फळीवर इंग्रजीत आडनाव कोरून दिलं. कागद एजंटकडे राहिले, पहिलं नाव विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्यानंतर चाचा मॅडमच्या घरी ताजी मासळी पाठवायला लागले. दुःखाच्या घरी पाठवतात तशी. बाजारात अरब दुकानदारही तिला बघून छातीवर हात ठेवायचे. सुरुवातीला ती सांगायची, वो मेरा कोई नहीं था. हळूहळू सांगायची थांबली. मला म्हणाली, "रोज बोलती हूँ, मेरा नहीं, मेरा नहीं. अच्छा नहीं लगता. अब बोलती हूँ, हाँ, मेरा था."

पण साहेब परत आला तेव्हा वेगळंच झालं. खाडीवर गाडीतून उतरल्यापासून घरापर्यंत जो भेटेल तो भावाबद्दल दिलासा द्यायला लागला. साहेब प्रत्येकाला तिथल्या तिथे थांबवून सांगायचा, तो माझा भाऊ नव्हता, माझा त्याच्याशी संबंध नाही. खरंच बोलत होता बिचारा. पण ऐकणाऱ्यांना ते कसं वाटणार? माणसं ऐकायची आणि नजर खाली घालायची. धक्क्यावर काम चालूच होतं, त्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही, पण पूर्वी दुपारी चहाला त्याला हाक मारायचे ती बंद झाली. आमच्या ह्यांनी एक-दोनदा समजावून बघितलं. चाचा म्हणाले, "फोरमन, ती नावाची गोष्ट मला कळली. तो त्याचा भाऊ नाय, मान्य. पण बायकोनं माती घातली, ह्यानं एकदा जाऊन उभं राहायला काय जात होतं?"

मॅडम दर रविवारी जायची. साहेब गाडी चालवून न्यायचा आणि कुंपणाबाहेर गाडीतच बसायचा, काचा बंद करून, एवढ्या उन्हात. दोघांमध्ये यावरून बोलणं बंद पडलं होतं. ती माझ्या चटईवर येऊन बसायची, पण भाकरीकडे तिचं लक्ष नसायचं. एकदा मी विचारलं, साहेब उतरत का नाहीत? तिनं विषय बदलला. काही दिवसांनी म्हणाली, "मैं उसके लिए रोती हूँ, तो ये समझता है मैं पागल हूँ."

वर्षभरात त्यांचं कामाचं काँट्रॅक्ट संपलं. जायच्या आदल्या दिवशी शेवटचं म्हणून ती कबरीपाशी गेली. आमचे हे सोबत होते, फळी वाळूत कलली होती ती सरळ करायला. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. फळी ठोकून झाली तरी मॅडम हलेना. शेवटी साहेब गाडीतून उतरला, कुंपण ओलांडून आत आला. कबरीशी आला, फळीसमोर उभा राहिला, आणि ती अक्षरं वाचली. त्याच्या आज्यानं आवडले म्हणून घेतलेले ते दोन शब्द, वाळूत, आणि खाली माणूस पुरलेला.

"फोरमन," तो हळूच हिंदीत म्हणाला, "इधर मेरा नाम लिखा है."

भावकीतला असता तर ह्यांनी म्हटलं असतं, सगळ्यांचंच लिहिलेलं असतं साहेब. पण त्या माणसाला आमच्यासारखं गाव नव्हतं, कब्रस्तान नव्हतं, जिथं आपल्या नावाचे आधीच पाच-पन्नास झोपलेत आणि त्यात आपण एक अशी सवय असते. त्याला स्वतःचं नाव कबरीवर पहिल्यांदाच दिसलं होतं, आणि वर्षभर तो गाडीत बसून त्याच भीतीनं घामाघूम होत होता. हे बायकोला सांगता आलं नाही त्याला.

मॅडमनं त्याचा हात धरायला हात पुढे केला. तो आधीच वळून गाडीकडे निघाला होता.

चाचांना आम्ही हे सांगितलं. ते म्हणाले, एवढं तरी मला बोलला असता तर मी त्याला चहाला बोलावलं असतं. पण तोवर त्यांचं विमान गेलं होतं, आणि बार्जची वेळ झाली होती.