बरोबरसाहेबांनी कबुली दिली त्याची गोष्ट

बरोबरसाहेब हे नाव त्यांना ऑफिसातल्या मुलींनी ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "बरोबर ठेवलंय."

माणूस हुशार, यात वाद नाही. तयार सॉफ्टवेअर ते विकत नसत. शिंपी माप घेऊन कपडा बेततो तसं एकेका धंद्याच्या मापाचं बेतून देत. पण चूक कबूल करायची म्हटली की दातखीळ बसायची. भाजीत मीठ कमी पडलं तर बायकोचं चुकलं, आणि स्वतः दोनदा घातलं तर मिठाचं.

धाकटा भाऊ विमा एजंट. त्याने हात धुऊन मागे लागून त्यांना धंद्याचा विमा घ्यायला लावला. "दादा, तुझ्या कामामुळे गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर कंपनी भरून देईल. फक्त काही झालं तर कबुली द्यायच्या आधी मला फोन कर. आधीच कबूल होऊन बसलास तर कंपनी हात वर करेल."

"कबुली? मी?" साहेब हसले. आणि सही करता करता, आईसमोर, दोघांच्या बायकांसमोर म्हणाले, "चला, भावाला भीक घातली."

धाकटा अर्धा चहा तसाच ठेवून उठला. तेव्हापासून अबोला.

साहेबांचं एक गिऱ्हाईक म्हणजे एका कोल्ड स्टोरेजचा मालक. खोली तापली की मालकाचा फोन केकाटायचा, अशी सोय साहेबांनी करून दिली होती. पण माल भरताना दार उघडं राहिलं तरी तो केकाटायचा. एक दिवस मालक खेकसला, "बंद करा हो ती कटकट!" साहेबांनी तिथल्या तिथे इशारा बंद केला. माल भरून झाला की चालू करू, म्हणाले, आणि विसरले. चारच दिवसांत गारवा करणारं यंत्र बंद पडलं. फोन गप्प तो गप्पच.

बोलावणं आलं तेव्हा साहेबांनी वाटेत गाडी थांबवून धाकट्याला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. "मुद्दाम उचलत नाही लेकाचा," ते पुटपुटले. पुन्हा लावतील तर ते साहेब कसले?

कोल्ड स्टोरेजच्या दारातच आंबूस वासाचा भपकारा आला. सफरचंदांच्या खोक्यांखालून पाणी गळत होतं. हमाल, ड्रायव्हर सगळे भिंतीला टेकून तमाशा बघत होते.

"या, विद्वान या!" मालक म्हणाला. "नाक आहे ना? की त्याचंही बटण बंद करून आलात?"

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी एक सफरचंद उचललं, ते बोटांत फुटलं. आणि जन्मात जे निघालं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "माझं चुकलं. इशारा चालू करायला मी विसरलो."

"ऐकलंत ना रे सगळ्यांनी?" मालक ओरडला.

मालकाने भरपाई मागितली ती अशी, की साहेबांना ऑफिस विकावं लागलं असतं. आणि ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. आता सारी भिस्त विम्यावर.

विमा कंपनीच्या अधिकारी बाई चौकशीला घरी आल्या. एजंट म्हणून धाकट्यालाही यावं लागलं. वहिनीकडे बघून तो हसला, दादाकडे बघितलंही नाही.

"कबुली दिलीत, हे खरं?" बाईंनी विचारलं.

"खरं."

"त्याआधी आम्हाला किंवा एजंटना कळवलंत?"

साहेबांनी ओठ आवळले. सख्ख्या भावाने आपला फोन उचलला नाही, हे परक्या बाईला सांगायचं? त्यापेक्षा घर गेलेलं परवडलं. "नाही," ते म्हणाले.

बाईंनी पेन उचललं. बायकोने पदर तोंडाला लावला. धाकट्याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर सगळं फिटलं असतं. भीकही, अर्धा चहाही.

"खोटं बोलतोय तो," धाकटा म्हणाला. "फोन आला होता, कबुली द्यायच्या आधी. हा बघा." त्याने मोबाइल पुढे सरकवला. "मी बघितला आणि उचलला नाही. म्हटलं, आपटू दे एकदा तोंडावर."

बाईंनी वेळ ताडून पाहिली. "म्हणजे यांनी कळवायचा प्रयत्न केला होता, अडवला आमच्याच माणसाने. दावा चालेल यांचा. तुमच्याबद्दल मात्र मला वर कळवावं लागेल. एजन्सी राहील असं वाटत नाही."

"कळवा."

बाई गेल्या. धाकटा चपला घालू लागला. साहेब मागोमाग दारापर्यंत आले. "चहा घेऊन जा."

"नको. तुझ्या घरचा मला अर्धाच पचतो."

"अरे, माझं..."

"पुरे!" धाकटा गर्रकन वळला. "ज्याच्यापुढे बोलायचं नव्हतं त्याच्यापुढे बोललास. माझ्यापुढे आता शिळं वाढू नकोस. आणि तुझ्यासाठी नाही केलं मी हे. वहिनी आणि आई कुठे गेल्या असत्या?"

फाटक आपटलं. साहेब दारातच उभे राहिले.

"गेले भावजी?" बायकोने आतून विचारलं. "काही बोलले?"

"हो," साहेब म्हणाले. "बरोबर बोलला."