आधी बकरी गेली

दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या आमच्या हिंदी शाळेत मला एका वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. तिसरीचा वर्ग. वर्ष संपत आलं तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या, शनिवारी मी तुमच्या वाचनाच्या तासाला येऊन बसेन, मग पुढचं ठरवू. पुढचं म्हणजे मला ठेवायचं की नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. चाळिशी उलटल्यावर मिळालेली ती माझी पहिली नोकरी होती आणि मला ती फार हवी होती.

वाचनाच्या तासासाठी शाळेने प्रश्नांची कार्डं आणली होती. गोष्ट वाचून झाली की एक कार्ड काढायचं, मुलांना बोलतं करायचं आणि मग दोन-चार ओळी लिहायला लावायच्या. 'तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?' असले प्रश्न. कार्डं छान रंगीत होती. पहिल्या दिवशी मी एक काढून मोठ्याने वाचलं आणि अख्ख्या वर्गाने तोच प्रश्न मला दोनदा म्हणून दाखवला.

त्यांचं तरी काय चुकलं? निम्मी मुलं पुरोहितांच्या घरची. सकाळी घरोघर संथा चालते, म्हणजे गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्याने तेच दोनदा. शिकणं म्हणजे एवढंच, हे पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेलं. उरलेली मुलं नावाड्यांची, दुकानदारांची. ती यांचं बघून बघून तशीच झाली होती. आणि मी स्वतः अशाच घरातली. जन्मात कधी कोणाशी चर्चा म्हणून केली नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग मी नमुन्यादाखल एक उत्तर सांगून पाहिलं. आवडता सण कोणता आणि का? मी म्हटलं, समजा, मला देवदिवाळी आवडते, कारण पंचगंगा घाटावर दिवे लागतात. तीस वह्यांत तीस वेळा देवदिवाळी आली. एक मुलगी महिन्यापूर्वीच गावाहून आली होती, तिने घाटावरचे दिवे अजून पाहिलेही नव्हते. तिलाही देवदिवाळीच आवडत होती. राग माझ्या नाकावरच असतो. मी वह्या टेबलावर आपटल्या. सगळ्यांनी घाबरून हाताची घडी घातली, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी मी अण्णांपुढे रडगाणं गायले. अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशी उलटली तरी दोन विद्यार्थ्यांना रोज संथा देतात.

"प्रश्न विचारला की नुसती बघत बसतात हो."

"उगीच परेशान होतेस. आमचे तर गप्प बसतच नाहीत. एक स्वर इकडचा तिकडे झाला की अंगावर येतात. परवा मीच चुकलो, तर त्या धाकट्याने मला टोकलं."

नोकरी माझी चालली होती आणि हे स्वरांचं सांगत होते. मी चिडून आत निघून गेले.

शनिवारी मोठ्या मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. गोष्ट साधी होती. एक म्हातारी, तिची बकरी आणि एवढीशी नाव. नावाडी एका वेळी एकालाच नेऊ शकतो. तो आधी बकरीला पलीकडे नेतो, मग म्हातारीला. मी गोष्ट वाचली आणि कार्ड काढलं. गोष्ट आपल्या शब्दांत सांगा, असं त्यावर होतं. वर्ग चिडीचूप. ती शांतता सोसवेना म्हणून मीच सांगायला लागले, "तर नावाड्याने आधी म्हातारीला नेलं..."

"नहीं मैडम, बकरी पहले."

एक नाही, पंधरा-वीस आवाज. मी खरोखरच चुकले होते. चूक कानावर पडल्यावर गप्प बसणं या मुलांना जमण्यासारखं नव्हतं. मी ओशाळले आणि सारवासारव करायला मनाचंच ठोकून दिलं, की हो हो, बकरी हलकी ना, म्हणून आधी.

तेव्हा कोपऱ्यातली एक मुलगी उठली. नावाड्याची पोर, वर्षभरात तिने हजेरीपलीकडे शब्द काढला नव्हता. "हलकी से क्या होता है मैडम? बुढ़िया पहले चली जाएगी, तो बकरी को नाव पे चढ़ाएगा कौन?"

"और उस पार पकड़ेगा कौन?" पुरोहिताचा मुलगा.

"बाँध देगा."

"किससे?"

झालं. नाव कशाला बांधतात, बकरी पाण्याला भिते की नाही, सगळा वर्ग हातघाईवर आला. अण्णांचं बोलणं माझ्या डोक्यात उजेडलं ते तेव्हा. मग मी तिसरी चूक जाणूनबुजून केली. म्हटलं, म्हातारीने बकरी घरीच ठेवायला हवी होती. तीसही पोरं माझ्यावर तुटून पडली, आणि मी म्हटलं, हेच आता वहीत लिहा. मी बाकांमधून फिरून पाहिलं. एकीची बकरी रडत होती, एकाचा नावाडी महामूर्ख होता, आणि कुठल्याच दोन वह्या सारख्या नव्हत्या.

घंटा झाल्यावर मोठ्या मॅडम उठल्या. "बहुत शोर है आपकी क्लास में," त्या म्हणाल्या. त्यांनी त्या नावाड्याच्या पोरीची वही उचलून वाचली आणि परत ठेवली. "अप्रैल से चौथी लीजिए. इन्हीं बच्चों के साथ."

जीव भांड्यात पडला. घरी जाताना वाट वाकडी करून मी संकठा घाटावर गेले, पायरीवर बसून पोटभर रडले आणि पदराने तोंड पुसून उठले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अण्णा ओसरीवरच बसून होते. दोन्ही विद्यार्थ्यांना त्यांनी लवकर घरी पाठवलेलं दिसत होतं.

"काय झालं?"

"चुकले, अण्णा. सगळ्या वर्गापुढे चुकले."

त्यांचा चेहरा उतरला. "मग?"

"मुलांनी टोकलं. आणि मॅडमनी मला ठेवून घेतलं."

ते कानामागे हात धरून म्हणाले, "पुन्हा म्हण."

पहिल्याच वेळी त्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं, हे मला कळत होतं. तरी मी दुसऱ्यांदा म्हटलं.