ताईच्या पाटावरचा दिवा

तलमडुगूहून आदिलाबाद आणि तिथून दुसऱ्या बसने डोंगराकडे. ताईच्या सासरी मी पहिल्यांदाच एकटी निघाले होते. फाटा आला, पण चारचौघांत ‘थांबवा’ म्हणायला माझा आवाज फुटेना. बस बरीच पुढे गेल्यावर कंडक्टरनेच माझे तिकीट पाहिले आणि म्हणाला, “दिगम्मा (उतरा, बाई).” अर्धा कोस मागे चालत आले.

कापूस फुटला होता. वागूला (ओढ्याला) अजून पाणी होते. गावात विजेचे खांब नव्हते. भाऊजींनी मात्र मिरचीला पाणी नेणाऱ्या पाटावर पत्र्याच्या पात्यांचे लाकडी चाक बसवले होते. चाकाला ट्रकचा जुना डायनॅमो जोडला होता आणि तार घरातल्या बल्बापर्यंत नेली होती.

जेवताना ताईचे सासरे, मामाजी, भाऊजींना म्हणाले, “माया मिरचीचं पाणी तुया चाकाले पाजून राह्यलो. आज दिवेलागणीले उजेड दिसला तं ठीक, नाई तं उद्या चाक काढ.”

“दिसन, बाबा.”

“बल्ब तं रोजच दिसते, उजेड नाई.”

ताई हसली नाही. आत आल्यावर मला म्हणाली, “दिवसभर वावर, संध्याकाळी लोकाईचं शिवण. चिमणीपाशी सुई दिसत नाई मले आता.”

दुपारी सगळे कापूस वेचायला गेले. मला बसून राहणे बरे वाटेना. परसात भिजवलेल्या अंबाडीच्या पेंढ्या होत्या. वाहत्या पाण्यात धुतला की वाख, म्हणजे सालीचा धागा, पांढरा निघतो, म्हणून मी चाकाच्या वरच्या अंगाला पाटावर बसले आणि सगळा सोलून धुतला. निसटलेल्या बटा कुठे वाहत गेल्या, ते पाहिले नाही.

दिवेलागणीला सगळे पाटावर आले, तर चाक उभे. भाऊजी घाईघाईने डायनॅमो खोलायला बसले. मला चाकाच्या कण्यावर पांढरे गुंडाळलेले दिसले.

“वाख म्या धुतला,” मी म्हणाले.

“काय म्हणते?”

सगळ्यांसमोर पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले.

मामाजींनी कण्याकडे पाहिले. “मंग डायनॅमो काऊन खोलून राह्यला, बह्याडा?” असे लेकाला म्हणत ते विळा घेऊन पाण्यात उतरले. वाख कापून काढला. चाक फिरू लागले, पण घराच्या दारातून दिसणाऱ्या बल्बाची तार नुसती लाल झाली. सायकलच्या ट्यूबचा पट्टा डायनॅमोवर घसरत होता. मामाजी काठावर बसले आणि त्याच वाखाचा दोर वळून त्यांनी पट्ट्याच्या जागी चढवला.

उजेड आला. ताईने घरात जाऊन पहिल्या खेपेलाच सुई ओवली.

“वाख चांगला धुते तुई बहीण,” मामाजी ताईला म्हणाले. “पर चाकाच्या खाल्तून धू म्हणा.”

आमच्या घरी खांबावरून वीज येते. बटण दाबताना मी तिचा कधी विचार केला नव्हता. आता अंबाडी निघाली की एक दोर वेगळा वळून ठेवते. पाण्यातला दोर वर्षभरच टिकतो. तो घेऊन ताईकडे जाणारे कोणी आहे का, ते बसस्टँडवर मीच विचारते.