वीतभर उचलून थांबायचं

नरहर वैरागडे मान खाली घालून चालतो. कॉलोनीतल्या नव्या लोकांना तो फार नम्र वाटतो. नम्र तो आहेच, पण मान त्यामुळे खाली नाही. तो क्रेन चालवतो. साठ फुटांवर काचेची केबिन, पायाखालीही काच, आणि त्या काचेतून पाळीभर खाली बघत राहायचं. बावीस वर्षांत मानेनं तोच बाक धरला. देवळातही तो वर न बघता घंटा हातानं चाचपडतो.

समता कॉलोनीतल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको विनोदिनी एकोणीस वर्षं राहतात. नरहरचे वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले, तो इथेच जन्मला. आधी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यानं क्रेननं तापलेलं लोखंड उचललं. मग शहराबाहेर कंटेनरचा डेपो झाला, तिथे गेला. रायपूरला समुद्र नाही, पण बंदरावर जहाजातून उतरलेले लोखंडी डबे मालगाडीनं इथे येतात. ते वॅगनवरून उचलून ट्रकवर ठेवायचे, हे त्याचं काम. तिथले लोक डेपोला बंदरच म्हणतात.

मी रोज डायरी लिहिते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टर अगाथांनी ती सवय लावली, ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सुटलेली नाही. आधी तारीख, मग हवा, मग घरी कोण आलं आणि काय म्हणालं. नरहर संध्याकाळी चहाला येतो, त्यामुळे माझ्या डायऱ्यांत क्रेन बरीच आहे.

त्याच्या दिवसाची मला सगळी माहिती आहे. बहात्तर पायऱ्यांची लोखंडी शिडी. एकदा वर गेला की चार तास खाली येता येत नाही. तो उतरला की ट्रकांची सगळी रांग थांबते. म्हणून सकाळी सहानंतर तो पाणी पीत नाही. रायपूरच्या मे महिन्यातही नाही. "वर गेलो की मी बी डब्याचाच माल आहो, काकू," असं एकदा म्हणाला होता.

आणखी एक गोष्ट त्यानं मला समजावली होती, तीही डायरीत तारखेनिशी आहे. डबा उचलायचा वेग एक नसतो. सुरुवातीला अगदी सावकाश, मधे जोरात, टेकवताना पुन्हा सावकाश. रिकामा डबा पळवला तरी चालतो, भरलेला नाही. तो एकदा झुलायला लागला की ऐकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं पहिली वीत. वॅगनवर डब्याचे चार कोपरे चार लॉकांत बसलेले असतात. वर ओढल्यावर ते आपोआप सुटायला हवेत, पण गंजलेलं एखादं अडकतं. म्हणून डबा वीतभर उचलायचा आणि थांबायचं. खालचा माणूस चारही कोपरे बघून शिट्टी देतो, मगच पुढे.

"अन् नाही थांबलं तर?" मी विचारलं होतं.

"तर डब्यासंगं वॅगन बी वर येते. मंग देवच."

या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या कंपनीच्या मुख्य कचेरीतून तीन साहेब आले. तासाला अठरा डबे फार कमी होतात, वेग वाढवायचा होता. किती वाढवता येईल हे बघायला त्यांनी सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला ऑपरेटर निवडला. खाली घड्याळ लावून उभे राहिले. नरहरनं तासाभरात सव्वीस डबे उचलून दाखवले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एक इंग्रजी कागद पुढे केला, त्यानं सही केली. त्या संध्याकाळी पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा ताठ मानेनं चालताना बघितलं.

मग यंत्राचा वेग त्या कागदाप्रमाणे वाढवला आणि सगळ्यांना तासाला सव्वीसचा हुकूम झाला. रोज, प्रत्येक पाळीत. त्या दिवशी नरहरनं जे ईर्षेनं एक तास केलं होतं, ते आता त्याला बावन्नाव्या वर्षी रोज आठ तास करायचं होतं. गुडघे सुजायला लागले. चहाला येईनासा झाला. विनोदिनी मागच्या अंगणातून मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची, "कोनं सांगतलं होतं हुशारी दाखवाले? आता घ्या!"

दुसऱ्या पाळीला तिचा धाकटा भाऊ पराग. त्याला नरहरनंच शिकवलं, नरहरनंच लावलं. परागला मराठी समजतं, पण तो बोलतो हिंदी. तोही सव्वीस करत होता.

जुलैच्या नऊ तारखेला परागच्या पाळीत एका डब्याचा कोपरा सुटला नाही. डबा वर गेला, त्याच्याबरोबर वॅगनची एका बाजूची चाकं रुळावरून उठली. मग लॉक तुटलं आणि वॅगन धाडकन खाली आली. शिट्टीवाले बाबाराव मागे उडी मारताना पडले, मनगट मोडलं. दोन हात पुढे उभे असते तर मनगटावर भागलं नसतं. परागला त्याच दिवशी घरी बसवलं. चौकशी लागली.

चौकशीत साहेबांचं म्हणणं सोपं होतं. परागनं वीतभर उचलून थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. पराग म्हणाला, थांबलो तर सव्वीस होतच नाहीत. तेव्हा त्यांनी फेब्रुवारीचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की चाचणीच्या वेळी ऑपरेटर प्रत्येक डब्याला थांबला, आणि तरीही सव्वीस झाले. खाली सही, नरहर वैरागडे. आता नरहरनं सोमवारपर्यंत इंग्रजीत लेखी जबाब द्यायचा होता.

शनिवारी दुपारी तो माझ्याकडे आला. मागोमाग विनोदिनी. ती बसली नाही, दाराशी उभी राहिली.

"काकू, मले एक जबाब लिवून द्या," तो म्हणाला. "तुमचं इंग्रजी साहेबाच्या वर आहे."

"काय लिहू?"

"चाचणीले मी हरेक डब्याले थांबलो होतो."

विनोदिनी म्हणाली, "लिवा काकू. अन् खाली हे बी लिवा, की माह्या भावाले घरी बसवा."

"तू चूप बस वं! तुले काय समजते? मी नाही म्हटलं तर खोट्या कागदावर सही केली असं होते. सहा साल राहिले माहे. या वयात मले कोन क्रेनवर चढवते?"

"अन् त्याले? अपघातवाला म्हणून कोन चढवते?"

"त्याले पाहा लागत होतं ना!"

"तुमीच शिकवलं त्याले. वरतून खालीच पाहाची सवय तुमाले, घरातलं मानूस कुठं दिसते?"

नरहर माझ्याकडे वळला. "थांबलोच होतो, काकू. थोडा थोडा. पण थांबलो होतो."

मला वाटतं, पाच महिन्यांत त्याला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. तो माझ्यासमोर खोटं बोलत नव्हता. मी मात्र अडकले. फेब्रुवारीची डायरी माझ्या हाताला लागेल अशा कपाटात होती आणि त्यात काय आहे ते मला न उघडता माहीत होतं. ती वाचली तर नरहरची नोकरी माझ्यामुळे गेली असं झालं असतं. न वाचता जबाब लिहिला तर परागची. लिहायला नकार दिला असता तर त्यानं कॉम्प्युटरच्या दुकानातून टाइप करून घेतला असता. पेनचं टोपण मी दोनदा काढलं आणि लावलं.

शेवटी उठून डायरी आणली. "त्या दिवशी तू पेढे घेऊन आला होतास," मी म्हटलं. "तेव्हा काय म्हणालास ते मी लिहिलं आहे. वाचू का?"

विनोदिनी म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. "हवा कोरडी, दुपारी वारा. संध्याकाळी नरहर पेढे घेऊन आला. सव्वीस डबे. म्हणाला, मी एकदा बी थांबलो नाही, काकू. थांबाची गरजच नाही मले. लॉक अडकलं तर खुर्ची आधी सांगते. बुडाले धक्का लागते, मंग हात आपोआप मागे येते. साहेबाले वाटलं मी थांबून राहिलो. कागदावर काय लिहिलं आहे ते मी विचारलं. म्हणाला, इंग्रजीत आहे, चांगलंच असंल."

मग नरहर म्हणाला, "हेच मी परागले बी शिकवलं. खुर्चीचं ऐक म्हणून."

"मग?"

"त्याले ऐकू येत नाही." त्यानं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "आज सकाळी फोनवर म्हणे, जीजाजी, मैंने बहुत कोशिश की, मेरी कुर्सी कुछ बोलती ही नहीं. मी म्हटलं, शिकशील. दोन साल झाले म्हणून राहिलो, शिकशील."

विनोदिनी आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो प्यायला. सकाळपासून पाणी प्यायला नव्हता, सुट्टी असूनही.

"लिवा," तो म्हणाला. "थांबलो नाही म्हणून लिवा. वाचल्याबिगर सही केली ते बी. अन् लिवा की सव्वीस करणारा मानूस थांबू शकत नाही, घड्याळ लावून पाहा."

मी लिहिलं. साधी आठ वाक्यं झाली. त्याला मराठीत दोनदा समजावून सांगितली, या वेळी त्यानं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ऐकलं आणि मग सही केली.

पराग ऑगस्टमध्ये कामावर परत गेला. नरहरला काढलं नाही. त्याला लेखी ताकीद मिळाली, आणि उरलेली सहा वर्षं पगारवाढीच्या यादीत त्याचं नाव येणार नाही हे साहेबांनी तोंडी सांगितलं. दुसरीकडे जायची सोयही राहिली नाही. ताकीद झालेला ऑपरेटर कोणी घेत नाही. यंत्रातला वेग उतरवला. शिवाय आता डबा वीतभर वर आला की क्रेन आपली आपण दहा सेकंद थांबते. चालवणारा नवा असो वा बावीस वर्षांचा, लिव्हर ओढून उपयोग नाही. तासाला वीस डबे होतात.

पराग त्याच्याशी कामापुरतं बोलतो. नरहरच्या जबाबानं नोकरी वाचली म्हणून आभारही मानले नाहीत आणि आधीच्या पाच महिन्यांचा हिशेबही काढला नाही. विनोदिनी दोघांना एकाच वेळी जेवायला बोलावत नाही.

नरहर पुन्हा चहाला येतो. दहा सेकंदांचा त्याला फार जाच होतो. "मोजून पाहा काकू," म्हणाला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजले. खरंच लांब असतात. "हात लिव्हरवर, अन् मशीन ऐकत नाही. दिवसातून दीडशे वेळा. पिंजऱ्यात बसवून वरतून कुलूप लावल्यावानी वाटते. ज्याले येते त्याले काहून थांबवता बापा?"

हे तो सप्टेंबरभर म्हणत होता. काल, चार ऑक्टोबरला, आला तो तसं काही म्हणाला नाही. चहा घेतला आणि बसून राहिला.

"आज मागचा डावा कोपरा अडकला होता," मग म्हणाला. "मशीन थांबली म्हणून काचेतून पाहून राहिलो, नाही तर काय करता. तर लॉक तसंच. बाबाराव बी तिकडेच उभे, पट्टा बांधलेल्या हातानं शिट्टी धरून. डबा खाली टेकवला, लॉक ठोकून काढलं, मंग नेला."

"बरं झालं."

"खुर्चीनं काही सांगतलं नाही, काकू." त्यानं माझ्याकडे मान वर करून बघितलं, त्याला ते किती अवघड जातं मला माहीत आहे. "काहीच नाही. मी वाटच पाहून राहिलो होतो. म्हणजे आधी बी... किती डाव नसंल सांगतलं? बावीस सालात?"

तो पेला खाली ठेवून उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"हे बी लिवान काय आज?"

"लिहीन."

"आत्ताच लिवा. मी बसतो."

मी डायरी घेतली. तारीख, हवा दमट, संध्याकाळी नरहर आला. मागचा डावा कोपरा. तो म्हणाला तसंच सगळं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं ते वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं, आणि तो खाली बघत ऐकत राहिला.

"पराग येईल उद्या," मग म्हणाला. "त्याले बी वाचून दाखवा. मले नाही सांगता येत."