डेक्लनचा मंगळवार

देवाने हे आयरिश बेट घडवताना हात आखडता घेतला नाही. हिरवळ दिली ती डोळ्यांत मावेना इतकी. पाणी दिलं ते आभाळात मावेना इतकं. त्यातलं बरंचसं पाणी शॅनन गावात यामिनी देवस्थळीच्या छपरातून तिच्या लेकीच्या खोलीत उतरत होतं.

जानेवारीतल्या वादळाने चार कौलं उडवली. सात वर्षांच्या मुक्ताच्या पलंगामागची भिंत बुरशीने काळवंडली आणि पोरीची छाती घरघरू लागली. डॉक्टर म्हणाले, आधी खोली कोरडी करा, औषध त्यानंतर.

यामिनी नागपूरची. इथल्या औद्योगिक वसाहतीत, हृदयाच्या शस्त्रक्रियेला लागणाऱ्या बारीक नळ्या तपासणारी इंजिनिअर. केसाएवढी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे.

"काय हा देश!" ती करवादे. "जगाच्या हृदयांना नळ्या पुरवतो, जगाला विमानं भाड्याने देतो, आणि माझ्या छपराला चार कौलं बसवायला माणूस नाही!"

माणसं होती, पण तरणीताठी पोरं ऑस्ट्रेलियात छपरं बांधायला गेली होती. गावाला उरला होता एकटा डेक्लन.

"ग्रँड! मंगळवारी आलोच," तो फोनवर गोड आवाजात म्हणे. 'ग्रँड' म्हणजे इथलं 'झकास'. मंगळवार येई, पाऊस येई, डेक्लन येत नसे. असे पाच मंगळवार गेले.

"त्याने मंगळवार सांगितला, आई," मुक्ता आपल्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत म्हणाली. "कोणता, ते नाही सांगितलं."

"तू बोलू नकोस. वाफ घे!"

मग कळलं, डेक्लनची आई वारली. यामिनीवरचे संस्कार असे, की दुःखाच्या घरात परक्याने लुडबुड करू नये, कामाचं तर नावही काढू नये. टपटपणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवून तिने तेरा दिवस दातओठ खात काढले. चौदाव्या दिवशी फोन केला.

"बघतो," डेक्लन कोरडेपणाने म्हणाला. मंगळवारसुद्धा नाही!

शेजारच्या नोराबाईंना तिने हे सांगितलं, तर त्या थक्कच झाल्या. "अंत्यदर्शनाला गेली नाहीस? अगं, अख्खं गाव रांगेत होतं! हात हातात घ्यायचा, वाईट वाटतं म्हणायचं, पुढे सरकायचं. ओळख कशाला लागते? एवढंसं बेट आपलं. कोण आलं नाही, ते बरोब्बर लक्षात राहतं."

"अहो, मान राखायचा म्हणून नाही गेले!"

"ते त्याला कसं कळावं? आता महिना भरेल त्या रविवारी ये. तेव्हा चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थना असते."

घरी येऊन यामिनी नवऱ्यावर कडाडली. "आता कौलांसाठी चर्चमध्ये जाऊ?"

"जा," हृषीकेश लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला. "छत्री मात्र इथेच ठेव. घरात लागेल."

ती गेली, ती धुमसतच. पण पाद्रीबाबांनी गेलेल्या माऊलीचं नाव घेतलं आणि तो दांडगा डेक्लन लहान मुलासारखा बाहीने डोळे पुसू लागला. महिन्याने गेलेल्याचं नाव घ्यायचं, हे यामिनीच्या माहेरीही होतंच. भाषा वेगळी, देऊळ वेगळं. आई तीच, डोळ्यांतलं पाणी तेच. तिने मेणबत्ती लावली आणि त्याचा हात हातात घेतला.

"मी तेव्हाच यायला हवं होतं," ती म्हणाली. कौलांचा शब्द ओठांपर्यंत आला होता. तिने तो गिळला.

डेक्लनने हात सोडला नाही. "पोरीची छाती कशी आहे?"

सोमवारी सकाळी सातला, न कळवता, न विचारता, छपरावर पावलं वाजली. दुपारपर्यंत चारही कौलं बसली. त्या रात्री पाऊस कोसळला. बादली कोरडी राहिली.

आज पंधरा दिवस झाले. भिंत घासूनपुसून रंगवली, मुक्ता आपल्या पलंगावर शांत श्वास घेत झोपते. फक्त डेक्लनची भलीमोठी शिडी मागच्या दारात आडवी पडून आहे. यामिनी दोनदा तिला अडखळली. शेवटी तिने फोन लावला.

"ग्रँड! मंगळवारी नेतोच."

कोणत्या, हे तिने विचारलं नाही. बाहेर चुकून ऊन पडलं होतं. पुटपुटत तिने शिडी भिंतीला उभी केली आणि तिच्यावर मुक्ताची चादर वाळत घातली.